दिलेले रोप कोणाचे?



चर्चच्या हॉलमागची जागा बरीच वर्षे पडून होती. दगडगोटे, जुन्या कौलांचे तुकडे आणि दर पावसाळ्यात कमरेइतके वाढणारे गवत, एवढेच तिथे होते. यंदा ती साफ करून सर्वांची मिळून एक बाग करावी असे ठरले. रोपवाटिकेतून झाडे विकत आणणे सोपे होते. पण आम्ही आवाहन केले ते वेगळे. प्रत्येक घराने आपल्या अंगणातील एखादे फुलझाड द्यावे, आणि तेही एका हंगामात संपणारे नव्हे, तर एकदा रुजले की वर्षानुवर्षे फुलत राहणारे. मोगरा आला, जास्वंद आली, अनंत, अबोली, कर्दळ, लिलीचे कांदे, निशिगंध, बोगनवेल, पांढरा चाफा, सारे आले. आपण वसईची माणसे. वाडी आणि फुले आपल्याला कोणी शिकवायला नकोत.

रोपांच्या मागोमाग मात्र प्रश्न आले. हे झाड आता कोणाचे? ते छाटायचे की नाही, हे कोण ठरवणार? दारासमोर लावा म्हणून दिलेले झाड मागच्या भिंतीशी लावले तर चालेल का? फुले कोणी तोडायची? बागेच्या बैठकीत यावर जेवढी चर्चा झाली, तेवढी हॉलच्या खर्चावरही झाली नव्हती. वरवर पाहता हे किरकोळ वाद आहेत. पण त्यांच्या मुळाशी एक जुना आणि अवघड प्रश्न आहे: देणे म्हणजे नेमके काय? सेमिनरीत आम्हांला तत्त्वज्ञान शिकवले गेले, तेव्हा हातात कुदळ कोणी दिली नव्हती. दोन्ही एकदमच मिळायला हवे होते असे आता वाटते.

संत थॉमस अक्वायनस यांनी देणगी या शब्दाचा अर्थ सांगताना अ‍ॅरिस्टॉटलचा आधार घेतला आहे. जे परत मिळावे या हेतूने दिलेले नाही, ती खरी देणगी. परतफेडीची अपेक्षा ठेवून दिले, तर ते उसने झाले किंवा व्यापार झाला. पुढे ते म्हणतात की असे निरपेक्ष देणे प्रेमापोटीच घडते, म्हणून आपण दुसऱ्याला पहिल्याने देतो ते आपले प्रेम. वस्तू नंतर जाते. पवित्र आत्म्याला ‘देणगी’ हे नाव का शोभते, ते स्पष्ट करताना त्यांनी हा विचार मांडला आहे. विचार थोर आहे, पण तो आपल्या बागेत आणून पाहिला की अडचण लक्षात येते. पैशाची देणगी पेटीत पडली की पेटीतल्या इतर पैशांत मिसळून जाते. कोणती नोट कोणाची, हे कोणालाच ओळखता येत नाही. झाड मात्र ओळखता येते. ते जागेवर उभे असते. देणारा दर रविवारी मिस्साला येतो आणि जाता जाता त्याच्याकडे पाहतो. पान पिवळे पडले तर त्याच्या पोटात कालवते. वस्तू दिली, पण जीव अजून तिच्यात अडकलेला आहे, असे हे देणे.

शिवाय सर्व रोपे सारख्या रीतीने दिली गेली नाहीत. कर्दळ आणि लिली यांचे उदाहरण घ्या. त्यांचे कंद जमिनीत वाढत जातात, पिल्ले धरतात आणि काही वर्षांनी इतकी दाटी होते की फुले कमी होऊ लागतात. तेव्हा गड्डा उकरून, फोडून, निम्मे दुसरीकडे लावावेच लागते. म्हणजे ज्यांनी कर्दळ दिली त्यांचे काही कमी झाले नाही. उलट त्यांची कर्दळ सुधारली. मग याला दान म्हणायचे का? आमच्या मते म्हणायचे. चौथ्या शतकातील संत बासिल तर याहून कडक बोलत. पेटीत पडून राहिलेला जादा कपडा हा मुळात उघड्या माणसाचाच आहे, अशी त्यांची शिकवण होती. जादा ते देणे हा मोठेपणा नव्हे, ते साधे कर्तव्य आहे. पण साध्या कर्तव्यानेही बाग भरते, आणि कर्दळ देणाऱ्यांनी त्यात कमीपणा मानू नये.

याउलट आपल्याच गावातील एका मावशींचा मोगरा. त्यांचे जुने कौलारू घर पाडून तिथे इमारत होते आहे. अंगण गेले, विहीर बुजली, आणि दारातला मोगरा उद्या जेसीबीखाली जाणार म्हणून त्यांनी आदल्या संध्याकाळी मुलाकरवी तो खणून आमच्याकडे पाठवला. मंदिराच्या दानपेटीत दोन नाणी टाकणाऱ्या विधवेची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. इतरांनी आपल्या भरल्या घरातून दिले, तिने आपल्या गरजेतून. मावशींचा मोगरा त्या जातीचा.

आणि याच मोगऱ्यावरून पहिला वाद झाला. तो लावण्याआधी बागेचे काम पाहणाऱ्या मंडळींनी त्याच्या फांद्या अर्ध्याहून खाली कापल्या. मावशींना आधी सांगितले होते, तरी प्रत्यक्ष पाहिल्यावर त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “फादर, एवढं कापायलाच हवं होतं का? पंचवीस वर्षं मी त्याला हात लावू दिला नाही कोणाला.”

कापायलाच हवे होते. झाड उपटताना आपल्याला जाड मुळे दिसतात आणि वाटते की सारी मुळे आली. पण पाणी शोषतात ती टोकाची केसासारखी बारीक मुळे, आणि ती बहुतेक जुन्या मातीतच तुटून राहतात. वर पाने मात्र पूर्वीइतकीच असतात. पानांतून पाण्याची वाफ होतच राहते आणि खालून पुरवठा होत नाही. असे झाड चार दिवस हिरवेगार दिसते आणि मग उभ्या उभ्या वाळते. म्हणून जेवढे मूळ गेले त्या मानाने वरचा भारही कमी करावा लागतो. आळे भिजवायचे, पूर्वी होते तेवढ्याच खोलीवर लावायचे, काही दिवस सावली द्यायची, खताची घाई करायची नाही आणि वाट पाहायची. उरलेली पाने गळली तरी घाबरायचे नाही. नखाने साल किंचित खरवडून पाहावी. आत हिरवे असेल तर झाड जिवंत आहे.

इथे आमच्या मते प्रश्नाचा गाभा आहे. देणाऱ्याला वाटते, मी दिले तसेच ते राहावे. पण जे जिवंत आहे ते दिले तसे राहूच शकत नाही. राहायला लावले तर ते मरते. म्हणून जिवंत वस्तू देणारा दोनदा देतो: एकदा झाड हातावेगळे करतो, आणि दुसऱ्यांदा ते झाड कसे असावे याविषयीची आपली कल्पना सोडतो. पहिले देणे एका संध्याकाळी उरकते. दुसऱ्याला महिने लागतात, आणि ते खूप अधिक दुखते. मुलीला सासरी पाठवणाऱ्या आईबापांना हे ठाऊक आहे. मुलाला सेमिनरीत किंवा परदेशात पाठवणाऱ्यांनाही. सुट्टीत घरी आलेले मूल बदललेले दिसते आणि आई म्हणते, असा नव्हता माझा मुलगा.

याचा अर्थ घेणाऱ्याने वाटेल ते करावे असा मात्र नाही. मावशींना छाटणी ठरवण्याचा हक्क उरला नव्हता, पण छाटणी का, हे ऐकण्याचा हक्क होता. ठरवण्याचा हक्क आणि ऐकण्याचा हक्क, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या संस्थांमध्ये, आणि आपल्या घरांतही, यांची फार गल्लत होते. ज्याला निर्णयात भाग नाही त्याला खबरही देण्याची गरज नाही असे आपण धरून चालतो. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत तर हे रोजचेच आहे.

दुसरा प्रसंग अधिक नाजूक होता. एका गृहस्थांनी मोठ्या हौसेने जास्वंदीची कुंडी आणली. झाडाच्या शेंड्यांवर आणि पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके होते: पिठ्या ढेकूण. हा कीटक झाडाचा रस शोषतो, चिकट द्रव सोडतो, त्या द्रवासाठी मुंग्या येतात आणि त्या मुंग्याच ढेकणांची राखण करतात. एक झाड असे लावले तर शेजारची झाडेही धोक्यात. बागेच्या मंडळींपैकी एकाने सुचवले, “फादर, हसून घेऊ या, आभार मानू या, आणि रात्री टाकून देऊ. त्यांना कळणारही नाही.”

सूचना दुष्टपणाची नव्हती. तिच्यात दया होती. पण ती खोट्यावर उभी होती. जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी १७९७ साली एक प्रसिद्ध लेख लिहिला आणि त्यात मित्राचा जीव वाचवण्यासाठीदेखील खोटे बोलण्याचा हक्क नाही, असा टोकाचा आग्रह धरला. तेवढे टोक गाठण्याची आपल्याला गरज नाही. इथे कोणाचा जीव अडला नव्हता. आपल्या परंपरेत संत ऑगस्टीन आणि संत थॉमस दोघेही खोटे बोलणे नेहमीच चूक मानतात. मात्र प्रत्येक खरी गोष्ट प्रत्येकाला सांगितलीच पाहिजे असे ते म्हणत नाहीत. मग इथे गप्प राहून चालले असते का? आम्हांला तसे वाटत नाही. कारण त्या गृहस्थांच्या घरी आणखी झाडे आहेत, आणि त्यांना न सांगणे म्हणजे त्यांच्या अंगणातला रोग त्यांच्यापासून लपवणे. शिवाय रात्री टाकलेल्या झाडाबद्दल ते पुढच्या रविवारी विचारणार, आणि मग पहिल्या खोट्यासाठी दुसरे लागणार.

आम्ही सांगितले. कीड दाखवली. आमच्या मंडळींनी साबणाच्या पाण्याने पाने धुण्याची रीतही समजावली, आणि ती कुंडी बागेपासून लांब, वेगळी ठेवली. ते गृहस्थ दोन रविवार आमच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या रविवारी बोलले, पण झाडाबद्दल नाही. नाकारलेली देणगी हा अपमान वाटतो, हे खरे आहे. माणूस आणि त्याने आणलेली वस्तू यांत फरक करायला आपण सहसा शिकलेलो नसतो. कुंडी वेगळी ठेवता येते, माणसाला वेगळे ठेवता कामा नये, एवढे पथ्य आम्ही पाळू पाहतो. जमेलच असे नाही.

नावाच्या पाट्यांविषयी आम्ही थोडक्यात आटोपतो, कारण तो निर्णय झाला आहे. काही कुटुंबांनी आपल्या दिवंगतांच्या नावाची संगमरवरी पाटी झाडापाशी लावावी अशी इच्छा दर्शवली. भावना समजते. पण वीतभर अबोलीपुढे हातभर पाटी ठेवली की बागेचे स्मशान होते, आणि ते आपल्याला चर्चच्या दुसऱ्या बाजूला आधीच आहे. पाट्या लावल्या जाणार नाहीत. त्याऐवजी एक वही ठेवली आहे. कोणते झाड, कोणत्या अंगणातून, कोणत्या तारखेला आले आणि कोठे लावले, हे तीत लिहिले जाते. काही जण विचारतात, डाव्या हाताला कळू नये म्हणता, मग वही कशाला? रोमन विचारवंत सेनेका यांनी उपकारांवर एक ग्रंथ लिहिला आहे. त्यांचे म्हणणे असे की उपकार विसरायचा असेल तर तो करणाऱ्याने विसरावा. ज्याच्यावर झाला त्याला विसरण्याची मोकळीक नाही. पाटी देणाऱ्याची आठवण देणाऱ्यालाच करून देते. वही घेणाऱ्याला करून देते. शिवाय एखाद्या झाडावर रोग आढळला तर तो कोठून आला हे कळते, हा रोकडा फायदा आहेच.

आता पुन्हा मूळ प्रश्नाकडे. देणाऱ्याचे काहीतरी देणगीत उरते, ही भावना केवळ आपलीच नाही. मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकाने १९२५ साली देणगीवर एक निबंध प्रसिद्ध केला. न्यूझीलंडच्या माओरी लोकांविषयी त्यात तो सांगतो, की त्यांच्या समजुतीप्रमाणे दिलेल्या वस्तूत एक सत्त्व असते, त्याला ते ‘हाऊ’ म्हणतात, आणि ते सत्त्व आपल्या मूळ जागी परतू पाहते. म्हणून घेणाऱ्याला काहीतरी परत द्यावेच लागते. संत थॉमस म्हणतात परतीचा हेतू नको, माओरी म्हणतात परतणे वस्तूच्या स्वभावातच आहे. वाचताना वाटते की दोघांपैकी एकच बरोबर असणार.

पण मोगऱ्याने आम्हांला वेगळा विचार करायला लावला. मोगऱ्याला आपल्याकडे सहसा बी धरत नाही. वाऱ्याने, पाखरांनी तो पसरत नाही. तो पसरतो फक्त फांदीने: कोणीतरी फांदी मातीत दाबायची, मुळे फुटली की कापायची आणि कोणाच्या तरी हातात द्यायची. माणसाच्या हातावाचून मोगरा एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जाऊच शकत नाही. मावशींना विचारले, तुमचा मोगरा कोठून आला? म्हणाल्या, माहेरून, लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात आईने फांदी दिली होती. आईला कोणी दिली? ते त्यांना सांगता येईना. म्हणजे वसईतला प्रत्येक मोगरा ही कोणाची तरी देणगी आहे, आणि मागे मागे जात राहिले तर पहिला मालक सापडत नाही. फांदीपासून झालेले झाड हे गुणधर्माने तेच झाड असते, नवे नव्हे. तेव्हा मावशींच्या आईच्या दारातले झाडच आज हॉलमागे उभे आहे असे म्हटले तरी ते फारसे चुकीचे नाही. त्याच्या वाटेवर जे जे आले, त्यांपैकी कोणीही ते निर्माण केलेले नव्हते. प्रत्येकाने काही वर्षे सांभाळले आणि पुढे दिले.

इतर झाडांचेही तसेच. निशिगंध मेक्सिकोचा, पांढरा चाफा मध्य अमेरिकेकडचा, बोगनवेल दक्षिण अमेरिकेची, सदाफुली मादागास्करची. आपण ज्यांना ‘आपली’ फुले म्हणतो त्यांतील कितीतरी कोणीतरी कोठून तरी उपटून आणलेली आहेत, आणि ती इथे रुजली. सदाफुलीपासून तर गेल्या शतकाच्या मध्यावर रक्ताच्या कर्करोगावरील औषधे मिळाली. ती पहिल्यांदा आणणाऱ्याला याची काय कल्पना असणार!

बागेतील तरुणांचा एक मुद्दा मात्र आम्हांला महत्त्वाचा वाटतो. ते म्हणतात, “फादर, पाणी रोज आम्ही घालतो, गवत आम्ही काढतो. मग झाड आमचंच नाही का?” सतराव्या शतकातील इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक त्यांच्या बाजूने उभा राहिला असता. ज्यात आपले श्रम मिसळले ते आपले, असा त्याचा युक्तिवाद होता. पण मग मावशींच्या पंचवीस वर्षांच्या श्रमांचे काय? आणि उद्या तरुण नोकरीसाठी मुंबईला गेले आणि पाणी दुसऱ्यांनी घातले, तर? श्रमाने मालकी येते की नाही हा वाद तत्त्ववेत्त्यांना करू द्यावा. श्रमाने जबाबदारी येते, याबद्दल तरी कोणाचा वाद नसावा. फुले कोणी तोडायची हेही तरुणांनीच ठरवावे असे आम्ही सुचवले आहे, कारण झाडांच्या जवळ तेच असतात. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीला २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते अशाच कामासाठी: सामायिक कुरणे, पाणी, जंगले लोक आपापसांत नियम करून नीट राखू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले. तूर्त नियम असा आहे: वेदीसाठी आणि २ नोव्हेंबरला कबरींसाठी फुले काढावीत, एरवी कोणीही वेणीपुरती घ्यावीत, कळ्या मात्र सोडाव्यात. नियम जाचला तर बदलू.

आता शेवटचे. गेल्या आठवड्यात मावशी मिस्सानंतर बागेत गेल्या. मोगऱ्याला छाटलेल्या जागेखालून तांबूस पालवी फुटली आहे. बराच वेळ पाहून त्यांनी जरा संकोचाने विचारले, की त्यांना आता चौथ्या मजल्यावर खोली मिळाली आहे, गॅलरीत सकाळचे ऊन येते, तेव्हा पुढेमागे या झाडाची एक फांदी त्यांना मिळेल का? दिलेले परत मागते आहे असे समजू नका, हे त्यांनी दोनदा सांगितले.

आम्ही समजलो नाही. मागणारा हक्काने मागतो तेव्हा ते परत घेणे होते. त्या तर जे एकदा सोडून दिले ते नव्याने मागत होत्या, इतर कोणीही मागावे तसे. संत थॉमस आणि माओरी, दोघांचेही यात काही बिघडत नाही. पालवी अजून कोवळी आहे, पण जमिनीलगतची एक जुनी फांदी राहिली होती. ती तरुणांनी वाकवून, खालच्या बाजूची साल थोडी खरवडून, मातीत दाबली आहे आणि वर दगड ठेवला आहे. पाऊस आहे तोवर मुळे फुटायला हरकत नाही. दगड कोणी हलवू नये, विशेषतः धर्मशिक्षणाच्या वर्गाला येणाऱ्या मुलांनी. कुंडी मावशी आणणार आहेत.